जामेल देबूझ: त्रापचा इम्प्रोवाला

बर्फ कुठेच नाही, पण आइस हॉकीसारखं कुंपण आहे, दोन्ही टीमच्या अंगात हॉकीच्या जर्सी आहेत, रेफरीसुद्धा पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात. ही नाटकाची मॅच आहे बरं का! इम्प्रो म्हणतात याला, म्हणजे ऐनवेळी सुचेल ते नाटक, आणि मॅचचा हा प्रकार १९७७ मध्ये कॅनडातल्या क्युबेकला सुरू झाला, तिथून फ्रान्समध्ये आला. रेफरी चिठ्ठी वाचतो, विषय काय, किती जणांनी करायचं, किती वेळ, कुठल्या शैलीत, मग टीमला विचार करायला २० सेकंद आणि शिट्टी वाजली की उतरायचं. पाठांतर नाही, स्क्रिप्ट नाही, समोरच्यानं जे काढलं ते धरून पुढे न्यायचं. शेवटी प्रेक्षक कार्ड वर करून ठरवतात कोण जिंकलं. आणि रेफरीचा निर्णय पटला नाही तर काय, ती बघा उडत आलेली चप्पल!

हे त्राप, पॅरिसजवळचं गाव. व्हर्सायचा राजवाडा इथून जवळच आहे, पण इथे बघाल तर कामगारांच्या वसाहती, मोठ्या बिल्डिंगा. फ्रान्सचा विनोदी नट जामेल देबूझ, मोरोक्कन आईवडिलांचा, जन्मला पॅरिसमध्ये, १९७५ साली, वाढला मात्र इथे. इथल्या पोरांना आलाँ देग्वा इम्प्रो शिकवायचे, सगळे त्यांना ‘पापी’च म्हणायचे. एक हॉल, एक शिट्टी आणि पोरांमागे चिकाटीने लागणारा एक माणूस, यापलीकडे या क्लासला लागतं तरी काय?

१९९० मध्ये त्राप स्टेशनवर रूळ ओलांडताना ट्रेनची धडक बसली, सोबतचा मुलगा गेला, जामेलचा उजवा हात कायमचा निकामी झाला.

आता स्टेजवर बघा, उजवा हात खिशात, बाकी सगळं अंग बोलतंय, तोंडाचा पट्टा तर थांबतच नाही. आधी रेडिओ नोव्हा, मग कनाल प्लूस हे टीव्ही चॅनल, १९९८ पासून हॉस्पिटलमधली सिटकॉम ‘एच’. ‘आमेली’ सिनेमातला भाजीवाल्याकडचा साधाभोळा पोरगा हाच, आणि २००२ च्या ॲस्टेरिक्सच्या सिनेमात क्लिओपात्राचा महाल तीन महिन्यांत बांधायची जबाबदारी अंगावर आलेला तो गोंधळलेला आर्किटेक्टही हाच, त्या सिनेमाची फ्रान्समध्येच १.४ कोटींच्या वर तिकिटं खपली.

मग युनिफॉर्म. ‘अँदिजेन’ हा सिनेमा, २००६, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या उत्तर आफ्रिकेतल्या सैनिकांची गोष्ट. इथे हसवणं बाजूला. कान चित्रपट महोत्सवात बेस्ट ॲक्टरचा पुरस्कार पाचही नटांना मिळून दिला गेला, जामेल त्यातला एक, शिवाय निर्मितीतही होता. त्याच वर्षी फ्रान्सच्या सरकारने आपल्या जुन्या साम्राज्यातल्या वसाहतींमधल्या माजी सैनिकांची गोठवलेली पेन्शन वाढवायचं जाहीर केलं.

आणि हे पॅरिसमधलं बुलव्हार बॉन-नुव्हेल. २००६ मध्ये टीव्हीवर सुरू झालेल्या ‘जामेल कॉमेडी क्लब’ या स्टँड-अप कॉमेडीच्या शोला २००८ मध्ये इथे स्वतःचं थिएटर मिळालं. टीव्हीवरच्या पहिल्या टोळीत तोमा न्जिजोल, फाब्रिस एबुए, ब्लांश गार्दां अशी मंडळी होती, तेव्हा यांना ओळखत होतं कोण! आता प्रत्येकाचे स्वतःचे शो आहेत, सिनेमे आहेत. शाळांमधल्या इम्प्रो स्पर्धेलाही जामेलचा पाठिंबा आहे, ही जर्सीतली पोरं तिथलीच, आणि त्या निळ्या टीमची कॅप्टन बघा, रेफरीशीच वाद घालतेय.