कासवाचं पोट गवतावर चालतं

कासव तपासायला आलं की मी तोंडाआधी त्याची शी बघते. म्हणून फोनवरच सांगून ठेवते, ताजी शी डबीत घालून आणा. घट्ट, गडद आणि मोडल्यावर आत गवताच्या काड्या दिसणारी असेल, तर माझी अर्धी काळजी तिथेच मिटते.

मागे एक सुलकाटा जातीचं कासव आलं होतं. शी पाण्यासारखी, आंबूस वासाची. घरच्यांनी जीव लावला होता त्याला. रोज टोमॅटो, काकडी, कलिंगड, वर भिजवलेला ब्रेड. ‘आवडीनं खातो हो डॉक्टर!’ खाणारच. पण आवडतं ते पचतंच असं नाही.

सुलकाटा मूळचं आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातलं, सेनेगलपासून सुदानपर्यंतच्या कोरड्या माळरानावरचं. वर्षातले कितीतरी महिने त्याच्या वाट्याला वाळकं गवतच येतं. गाय गवत आंबवते ते पोटाच्या कप्प्यात; कासव आंबवतं ते घोड्यासारखं मागच्या आतड्यात. गवतातले तंतू त्याला स्वतःला पचत नाहीत. ते काम आतड्यातले जिवाणू करतात, त्यातून आम्लं तयार होतात, ती रक्तात शोषली जातात आणि त्यावर कासव जगतं. म्हणजे आपण समोर ठेवतो ते आधी या जिवाणूंचं जेवण असतं. तिथे कलिंगडाची साखर पोचली की भलतेच जिवाणू माजतात, पोटात वायू धरतो, जुलाब लागतात आणि गवत पचवणारे बिचारे मागे पडतात.

मग द्यायचं काय? ताटातला मोठा वाटा गवताचा, ओलं नसेल तेव्हा वाळलेलं. आपली हराळी उत्तम. गणपतीला वाहतो तीच दूर्वा! जास्वंदीची पानं-फुलंही चालतात. मला याचा फार आनंद होतो, की बाप्पाच्या पूजेतल्या या दोन्ही गोष्टी कासवालाही मानवतात. फक्त फवारणी केलेल्या हिरवळीवरची नकोत. काटे काढलेला फड्या निवडुंग द्या. पालक मात्र रोज नको. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं, आणि कवचाला तर कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट लागतं.

आता उष्णतेचं. हे लोक हमखास विसरतात. कासवाचं अंग बाहेरच्या हवेइतकंच तापतं, आणि गार आतड्यात जिवाणू काम करत नाहीत. खाल्लेलं तसंच पडून राहतं. पुण्यातल्या थंडीत ‘झोपलंय’ म्हणून आणलेली सुलकाटा मी पाहिली आहेत. सुलकाटा हिवाळी झोप घेत नाही हो. ते गारठलेलं असतं. त्याला ३५ अंशांच्या आसपास तापलेली एक जागा हवीच, आणि पाणीही हवं. लहान पिल्लाला कोमट, उथळ पाण्यात बसवा. पाणी कमी पडलं की लघवीतल्या क्षारांचे खडे होतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. जंत झाले म्हणून कुत्र्या-गुरांचं आयव्हरमेक्टिन कासवाला देऊ नका. त्याने कासव लुळं पडतं, मरतं. थोडे जंत गवत खाणाऱ्या कासवात असतातच; आधी शी तपासा.

आणि स्टार कासव कुणाकडे असेल, तर आहाराचा प्रश्नच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात ठेवता येत नाही. वनविभागाला कळवा.

त्या सुलकाटाचं सांगायचं राहिलं. फळं आणि ब्रेड एका दिवसात बंद केले. गवत मात्र तो हुंगूनही बघेना. मग हराळी कात्रीने बारीक कापून, ओली करून जास्वंदीच्या पानांत कालवली. आधी चिमूटभर, मग दर आठवड्याला थोडी जास्त. दीड-दोन महिने गेले. एक दिवस घरच्यांनी फोटो पाठवला. कासवाचा नाही, शीचा. आत काड्या दिसत होत्या.