खाणीतून वाचलेलं थडगं

नमस्कार श्रोतेहो. खडीसाठी टेकडी पोखरली जाताना तुम्ही पाहिलीच असेल. एका बाजूनं हिरवळ, दुसऱ्या बाजूनं उभा कापलेला कडा. आज ऐकू या अशाच एका टेकडीची गोष्ट. फरक इतकाच की ही टेकडी माणसांनी रचलेली होती.

फ्रान्सच्या वायव्येला, ब्रिटनीत, समुद्रकाठी बार्नेनेझ नावाचं ठिकाण आहे. इथली दगडांची रास 72 मीटर लांब. तिच्या पोटात मृतांना ठेवण्यासाठीची दगडी दालनं अकरा, आणि प्रत्येकाकडे जाणारी अरुंद, वाकून जावी लागणारी वाट वेगळी. चुना नाही, माती नाही. काही दालनांचं छप्पर तर दगडाच्या चिपा एकेक थराला थोड्या पुढे सरकवत वर मिटवून घेतलेलं. नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांनी हे काम इ.स.पूर्व 4500 च्या आसपास सुरू केलं, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्याही सुमारे दोन हजार वर्षं आधी! पुढे त्याला जोडूनच आणखी दालनं वाढवली. वाढीव बांधकामाची आपली हौस जुनीच म्हणायची.

आता 1950 च्या दशकात या. जागा खासगी मालकीची, आणि दगड तर आयताच फोडलेला. रस्त्यासाठी तो उचलणं सुरू झालं. रास मागून कापत कापत गेले आणि एकाएकी पोकळ्या दिसू लागल्या. ती दालनं होती. मग ओरड झाली, काम थांबलं आणि 1956 मध्ये ही रास संरक्षित स्मारक ठरली. पुरातत्त्वज्ञ पिएर-रोलां जिओ यांनी इथं 1968 पर्यंत उत्खनन केलं. हाडं जवळजवळ मिळाली नाहीत, तिथल्या आम्ल मातीनं ती खाऊन टाकलेली. मडकी मिळाली, घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी मिळाल्या, दगडांवर कोरलेली धनुष्यं दिसली.

डागडुजी करताना कापलेली बाजू पुन्हा बुजवली नाही. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. एरवी हे दालन आतून कसं रचलंय, ते बाहेर उभं राहून कोणाला दिसलं असतं? आज तिथं छप्पर चिपेवर चिप कसं मिटत गेलं, ते उभ्या छेदात दिसतं.

शेजारी आणखी एक लहान रास होती. तिच्याकडे कोणाचं लक्ष जाईपर्यंत तिचे बहुतेक दगड उचलून नेले होते.