ऑपेरातील नवा आवाज आणि रिसायटलची कसोटी

नमस्कार. ऑपेराच्या रंगमंचावर नाव होऊ लागलेल्या एखाद्या तरुण गायिकेचे रिसायटल, म्हणजे केवळ पियानोच्या साथीने एकटीने गायची मैफल, जाहीर झाले, की मोठ्या भूमिकांच्या धबडग्यातून उसंत मिळावी म्हणून ठेवलेली ही एक हलकीफुलकी मैफल असावी, असा अनेकांचा समज होतो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. कारकिर्दीच्या या टप्प्यावर रिसायटल हीच अधिक कठोर परीक्षा असते, आणि ती का, हे आज पाहू.

या टप्प्यापर्यंतची वाट बहुधा ठरलेली असते: संगीत महाविद्यालयातील शिक्षण, मग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरासारख्या संस्थेतील तरुण कलाकारांचे प्रशिक्षण किंवा एखाद्या जर्मन ऑपेरागृहातील पगारी नोकरी, जिथे वाट्याला येतील त्या लहानमोठ्या भूमिका हंगामभर निभवाव्या लागतात. जोडीला स्पर्धा असतातच. १९८९ साली कार्डिफच्या जागतिक गायन स्पर्धेत मुख्य पारितोषिक सैबेरियातून आलेल्या द्मित्री ह्वोरोस्तोव्स्की यांना मिळाले आणि गीतगायनाचे, म्हणजे पियानोच्या साथीने कविता गाण्याचे, पारितोषिक वेल्सच्या ब्रिन टर्फेल यांना. पुढे दोघेही जगभर गाजले. पण ऑपेराचे गायन आणि गीतगायन यांचा कस वेगवेगळा लावावा लागतो, हे त्या स्पर्धेच्या परीक्षकांनी मान्य केले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

हा फरक आधी आवाजातच आहे. मेट्रोपॉलिटनमध्ये सुमारे ३,८०० आसने आहेत, समोर भरगच्च वाद्यवृंद असतो आणि गायिकेजवळ मायक्रोफोन नसतो. तरीही ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येते, कारण वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास सर्वाधिक असून पुढे तो ओसरत जातो, तर कसलेल्या गायकाच्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपास ऊर्जेची विशेष दाटी होते. स्त्रियांच्या अतिउंच स्वरांत मात्र भिस्त बरीचशी स्वराच्या उंचीवरच असते. आता हाच आवाज लंडनच्या विग्मोर हॉलमध्ये आणा: १९०१ साली सुरू झालेले, जेमतेम साडेपाचशे आसनांचे सभागृह आणि साथीला एकच पियानो. इथे वेशभूषा नाही, नेपथ्य नाही, सहकलाकार नाहीत. श्वास कुठे घेतला, शब्दातले व्यंजन कुठे निसटले, हे पहिल्या रांगेतल्या श्रोत्याला स्पष्ट ऐकू येते. मोठ्या आवाजाला लहान होता येते का, हा खरा प्रश्न आहे.

ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टने १८१५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी रचलेले 'एर्लक्योनिग' हे गीत घ्या. जेमतेम चार मिनिटांत एकाच गळ्यातून निवेदक, घोड्यावरून मुलाला घेऊन निघालेला बाप, आजारी मुलगा आणि त्याला भुलवणारा भूतराजा असे चौघे बोलतात. बापाचे स्वर खालचे, मुलाचे वरचे. मुलाची 'बाबा' ही हाक दर वेळी आणखी चढत जाते, तर भूतराजा अगदी हळुवार, गोड गातो. पियानोवादकाच्या उजव्या हाताला घोड्याच्या टापांचे वेगवान ठोके जवळजवळ अखंड वाजवावे लागतात. शेवटच्या ओळीत पियानो थांबतो आणि मुलगा मेल्याचे गायिकेला जवळजवळ बोलल्यासारखे सांगावे लागते. ऑपेरात ज्या भूमिकेसाठी तिला तीन तास मिळाले असते, तिच्यासारख्या चार व्यक्ती तिला इथे केवळ रंग बदलून उभ्या करायच्या असतात.

म्हणून रिसायटलला जाण्यापूर्वी गीतांचे शब्द अनुवादातून वाचून ठेवा. जर्मन येत नसले तरी कोण कोणाशी बोलते आहे, एवढे माहीत असले की निम्मे काम होते. गीते गटागटाने सादर होतात आणि टाळ्या गट संपल्यावर वाजवण्याची प्रथा आहे. पियानोवादकाचे नावही आवर्जून पाहा, कारण गायिकेचा श्वास कुठे लांबणार, हे ओळखून थांबणारा साथीदार लाभला नाही, तर उत्तम आवाजाचीही या गीतांत फरफट होते.