कमळला टाळ्या किती?

(सार्वजनिक ग्रंथालयांच्या बालविभागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांपुढे मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 'कमळ' हा शब्द मोठ्याने म्हणा आणि बोलताना त्याचे जितके तुकडे पडतात, तितक्या टाळ्या वाजवा.

बहुतेकांच्या तीन टाळ्या झाल्या. चार वर्षांचं मूल दोनच वाजवतं, क-मळ, आणि तेच बरोबर असतं. शेवटच्या ळमधला 'अ' आपण उच्चारतच नाही. आपण मोठी माणसं शब्द ऐकतच नाही, मनातल्या मनात लिहिलेला बघतो आणि अक्षरं मोजतो. 'रस्ता' घ्या. बोलताना तो रस्-ता असा तुटतो आणि कागदावर र-स्ता असा. अजून अक्षरओळख नसलेलं मूल कानाने मोजतं. त्याला आपण "चुकलं, पुन्हा वाजव" म्हटलं, की त्याच्या चांगल्या चाललेल्या कानावर आपण आपला डोळा लादतो. म्हणून ग्रंथालयात या वयाच्या मुलांसाठी वाचनसत्रांचा उपक्रम सुरू करण्याआधी कर्मचाऱ्यांचं जे प्रशिक्षण घ्यायचं, त्याच्या पहिल्या दिवशी मुलांचा विषयच काढायचा नाही. पहिले दोन तास कर्मचाऱ्यांनी आपलेच कान मोकळे करायचे. मनाली तीन, ओम एक, आकाश दोन, बटाटा तीन, वडापाव तीन.

हे का करायचं, ते सांगतो. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७चा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्याच्याही आधीचं, १८९८चं. आपल्याकडे ग्रंथालयं आहेत, वाचकही आहेत. ग्रंथपालनाच्या अभ्यासक्रमात तुम्ही वर्गीकरण शिकलात, तालिकीकरण म्हणजे पुस्तकांची सूची करणं शिकलात, दाखल नोंदवही कशी भरायची ते शिकलात. पण देवघेवीच्या टेबलाएवढी उंचीही नसलेलं तीन वर्षांचं मूल समोर उभं राहिलं, तर त्याच्याशी काय बोलायचं, ते कोणी शिकवलेलं नसतं. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. २०२१ साली मुलांच्या पायाभूत वाचन-लेखनासाठी आणि अंकज्ञानासाठी केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान आलं. पण ही सगळी यंत्रणा शाळा, बालवाडी आणि अंगणवाडीभोवती फिरते. तिथे पालक फाटकाबाहेर थांबतात. ग्रंथालयात मात्र आई, बाबा किंवा आजी मुलाच्या शेजारी बसलेले असतात. मला वाटतं, आपलं सगळं काम या एका फरकावर उभं आहे. आठवड्यातून अर्ध्या तासात तुम्ही मुलाला फारसं काही शिकवू शकत नाही. पण पुस्तक हातात घेऊन मुलाशी कसं बोलायचं, हे त्या अर्ध्या तासात आजीला दाखवू शकता. ती ते घरी रोज करेल.

अमेरिकेतल्या ग्रंथालयांनीही हेच ओळखलं. 'एव्हरी चाइल्ड रेडी टू रीड' हा त्यांचा पालकांसाठीचा उपक्रम २००४ साली आला, तेव्हा भर सहा कौशल्यांवर होता. २०११च्या दुसऱ्या आवृत्तीत पुढे आल्या पाच कृती : बोलणं, गाणं, वाचणं, लिहिणं, खेळणं. पालकाला 'ध्वनिजाणीव', म्हणजे शब्दातले आवाज वेगवेगळे ओळखता येणं, हा शब्द समजावत बसण्यापेक्षा 'गाणं म्हणा' सांगणं सोपं. ही चौकट जरूर घ्या. त्यातले आवाजांचे खेळ मात्र जसेच्या तसे उचलू नका, कारण ते इंग्रजीसाठी बेतलेले आहेत. इंग्रजीत 'बॉल'मधला नुसता ब् सुटा काढायला शिकवतात, कारण तिथे एक अक्षर साधारण एका सुट्या आवाजासाठी असतं. आपल्या लिपीत अक्षर म्हणजे व्यंजन आणि स्वर मिळून झालेला घास. 'कागद'मधून 'का' बाजूला काढणं मराठी मुलाला सहज जमतं. त्या 'का'मधून क् आणि आ वेगळे करणं त्याला अवघड जातं आणि ते बहुधा काना-मात्रा वाचायला लागल्यावरच जमतं. तेव्हा तीन ते पाचच्या मुलांसोबत तुकडे मोजणं, यमक जुळवणं आणि शब्दातलं पहिलं अक्षर ओळखणं, एवढंच. भात, हात, दात, सात. त्यापुढे जायची घाई नको.

पहिल्या अक्षराच्या खेळातही खाचा आहेत. 'च'ने सुरू होणाऱ्या वस्तूंची टोपली करून तुम्ही तिच्यात चमचा टाकला, चिमणीचं चित्र टाकलं आणि एखादं मूल म्हणालं, "हे सारखं नाहीये." ते बरोबर सांगतंय. चमच्यातला च दातांजवळचा आणि चिमणीतला टाळूजवळचा. जहाज आणि जिराफ यांचंही तसंच. लिहिताना अक्षर एकच, पण ऐकताना आवाज दोन. म्हणून आवाजाच्या खेळासाठी च, ज, झ टाळा. म, ब, स, ग, प घ्या. आणि ण, ळ या अक्षरांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत. 'बाणाचा ण' हे तक्त्यावर ठीक आहे, टोपलीच्या खेळात चालत नाही. कर्मचारी बाजारातून तक्ता आणतात आणि सगळी अक्षरं ओळीने घेत बसतात, तेव्हा हमखास इथे अडकतात.

आता वाचनाकडे येऊ. प्रशिक्षणाचा सर्वांत जास्त वेळ इथे जायला हवा. पाच अर्धे दिवस असतील, तर त्यातले दोन यालाच द्या. हे पाच दिवस सलग घेऊ नका, आठवड्याला एक घ्या. मधल्या आठवड्यात प्रत्येकाने खऱ्या मुलासमोर एक पुस्तक वाचायचं आणि फोनवर दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण करायचं. पुढच्या वेळी तेच ऐकायचं आणि कागदावर दोन रकाने करून खुणा करायच्या. एकात परीक्षेचे प्रश्न : "हा कुठला प्राणी? रंग कोणता? किती आहेत?" दुसऱ्यात बोलतं करणारे : "इथे काय चाललंय? आता ती काय करेल?" पहिल्या मुद्रणात पहिलाच रकाना भरून वाहतो. कोणाला ओशाळं वाटू देऊ नका. आपण सगळे परीक्षांतूनच आलो आहोत.

१९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक महिन्याचा प्रयोग केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना त्यांनी चित्रपुस्तक वाचताना मुलाला बोलतं करायला शिकवलं आणि मुलांची भाषा लक्षात येण्याइतकी पुढे गेली. प्रशिक्षण दिलं होतं पालकांना, ही गोष्ट विसरू नका. ती रीत मी मराठीत चार शब्दांत सांगतो : विचारा, दाद द्या, वाढवा, वदवा. कोळीणबाईच्या टोपलीचं चित्र आहे असं समजा.

"टोपलीत काय दिसतंय?"

"मासली."

"हो की, मासळी! चंदेरी पापलेट आहे ते. म्हण बरं, चंदेरी पापलेट."

"चंदेरी पापलेट."

एवढंच. यात दोन गोष्टी बघा. 'मासली'ला "चूक" म्हटलेलं नाही, फक्त उत्तरात शब्द नीट येऊन गेला. मूल घरी आगरी, कोळी किंवा मालवणी बोलत असेल, तर त्याचा शब्द हीच त्याची शिदोरी आहे. दुसरं, मुलाच्या शब्दाला एकदोनच नवे शब्द जोडले. "हा पापलेट, हा बोंबील, ही सुरमई, आणि मासे पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेतात" असा भडिमार केला, की मूल पान उलटतं. शाबास म्हणावं त्याला.

प्रश्न विचारल्यावर मनात एक ते पाच मोजायचं. पाच आकडे म्हणजे फार वेळ वाटतो आणि तीनवर आलो की आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. गप्प राहण्याचा सराव जोडीजोडीने करून घ्या. एकाने विचारायचं, दुसऱ्याने मुद्दाम चौथ्या आकड्याला बोलायचं. पाचपर्यंत थांबूनही मूल बोललं नाही, तर स्वतः उत्तर सांगा आणि पुढे चला. प्रत्येक पानावर प्रश्न नको. एका पुस्तकात तीन-चार थांबे पुरे, नाहीतर गोष्टीचा धागा तुटतो. पहिल्यांदा पुस्तक जवळजवळ सलग वाचा, थांबे दुसऱ्या वाचनाला. तेच पुस्तक पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्या. "मागच्या वेळी झालंय" ही तक्रार मोठ्यांची असते.

पुस्तक धरण्याचा सराव बालिश वाटेल, पण तो करा. खांद्याच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, खालच्या कडेला मधोमध बोटं. कोपऱ्यात धरलं की अंगठा नेमका चित्रावर येतो. पुस्तक मांडीवर ठेवून वाचलं, तर मागच्या रांगेला फक्त तुमचा भांग दिसतो. मलपृष्ठासह सगळं पुस्तक दाखवा आणि मोठ्या अक्षरातल्या एखाद्या ओळीखालून सावकाश बोट फिरवा. डावीकडून उजवीकडे जायचं, शिरोरेखेला लटकलेला एक घोस म्हणजे एक शब्द, मधे मोकळी जागा, हे मूल त्यातूनच उचलतं. आणि फार अभिनय नको. आवाज काढणारा कर्मचारी लोकप्रिय होतो, पण मग मुलं त्याचं तोंड बघतात, पुस्तक नाही. शेजारी बसलेल्या आईलाही वाटतं, हे आपल्याला जमणार नाही.

ज्या पालकांना वाचता येत नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी बिनशब्दांची चित्रपुस्तकं वेगळी काढून ठेवा. चित्रावरून गोष्ट सांगायला अक्षर लागत नाही. मुंबईत एका खोलीत मराठी, हिंदी, गुजराती, भोजपुरी बोलणारी घरं असतात आणि त्यातली बरीच मुलं इंग्रजी शाळेत जाणार असतात. पालक विचारणारच, "एबीसीडी कधी घेणार?" उत्तर ठरवून ठेवा आणि सगळ्यांनी तेच द्या : घरी ज्या भाषेत तुम्ही भरभरून बोलता, त्याच भाषेत पुस्तकावर बोला, एका भाषेतले शब्द आणि गोष्टीची समज दुसरी भाषा शिकताना कामी येते. देवघेवीवर एक जण हे सांगतो आणि दुसरा "पुढच्या महिन्यात घेऊ" म्हणतो, तिथे उपक्रमाची शिकवणी होते.

अक्षरं अजिबातच नकोत, असं मी म्हणत नाही. पण पाटीवर घोटून नाही. मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर आधी. त्याला तेच हवं असतं. मग आकाराने जवळची : ग, म, भ, न ही जुनी जोडणी उगाच टिकलेली नाही. एक काना आणि एक रेघ हातात बसली, की चारही निघतात. ऱ्हस्व वेलांटी लांब ठेवा, कारण 'कि' लिहिताना ती आधी दिसते आणि बोलताना नंतर येते. तीन वर्षांच्या हाताला पेन्सिल देऊ नका. मातीचा गोळा, ताटातला रवा, ओला ब्रश आणि गॅलरीची फरशी चालेल. येता-जाता वाचायला शहर आहेच. बेस्टच्या बसवरचा मराठी आकडा ही उत्तम पाटी. ३ आणि ६ मधला गोंधळ तिथेच सुटतो.

जागेचं बोलू. आपल्या बऱ्याच ग्रंथालयांत मुलांची पुस्तकं काचेच्या कुलूपबंद कपाटात, कणा बाहेर करून उभी असतात. तीन वर्षांच्या मुलाला कणा म्हणजे काहीच नाही. दीड फूट उंचीचे दोन खोके घ्या, त्यात मुखपृष्ठ समोर येईल अशी बारा-पंधरा पुस्तकं ठेवा, दर पंधरवड्याला बदला. दाखल क्रमांक असू द्या, पण शोधायला रंगीत टिकली. पानावर एक-दोन ओळी, मोठा ठसा, चित्र सहा फुटांवरून ओळखू येणारं. राष्ट्रीय पुस्तक न्यास, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन यांच्या याद्यांतून सुरुवातीला चाळीस पुस्तकं सहज निघतात. पुस्तकं फाटतील. दंड लावलात, तर पुस्तक घरी कपाटावर चढून बसेल, म्हणून या वयासाठी दंड नको. खरेदीतच थोडी रक्कम बदली प्रतींसाठी धरा. चिकटपट्टी वर्ष-दोन वर्षांत पिवळी पडते आणि पान आणखी फाडते. खळ आणि पातळ कागद वापरा. पावसाळ्यात खोके भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा.

सत्र तीस मिनिटांचं. मुलं बारा, फार तर पंधरा, प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस आणि ते माणूस बाहेर बाकावर नव्हे, सतरंजीवर. येण्याचं गाणं, एक पुस्तक, टाळ्यांचा खेळ, दुसरं छोटं पुस्तक, हाताचं काम, जाण्याचं गाणं. मुलं वीसच्या वर गेली की चित्र मागे पोचत नाही आणि सगळा वेळ "खाली बस" म्हणण्यात जातो. तेव्हा गट दोन करा. शेवटी तात्पर्य सांगू नका. स्पर्धा आणि बक्षिसं तर नकोच.

उपक्रम चालला की नाही, हे मुलांची परीक्षा घेऊन बघायचं नाही. देवघेवीच्या नोंदींतून बघा : सत्रानंतर किती घरांनी पुस्तक नेलं, किती जण दुसऱ्यांदा आले. आणि शेवटची पाच मिनिटं तुमच्यापैकी एकाने सतरंजीजवळ नुसतं उभं राहायचं. कुठली आई पान उलटायच्या आधी थांबतेय, तेवढं टिपून ठेवा. पुढच्या शनिवारी मधलं पुस्तक वाचायला तिला बोलवायचं आहे.