आरोग्य केंद्राच्या अंगणातली जनसुनवाई

श्रोतेहो, नमस्कार.

बऱ्याच सरकारी दवाखान्यांच्या व्हरांड्यात एक तक्रारपेटी टांगलेली असते. तिला कुलूप असते आणि त्या कुलपाची किल्ली बहुधा ज्यांच्याविषयी तक्रार करायची त्यांच्याच टेबलाच्या खणात असते. पेटीत चिठ्ठी टाकायची तर लिहिता यायला हवे. लिहिली तरी तिचे पुढे काय झाले हे कळण्याची सोय नसते. आणि पंचक्रोशीत उपचाराची दुसरी परवडणारी जागा नसल्यामुळे उद्या पुन्हा याच दारात यायचे आहे, या विचाराने माणूस गप्प राहणे पसंत करतो. मग वर्षअखेरीस पेटी उघडली जाते, ती रिकामी निघते आणि तक्रारी शून्य अशी नोंद होते.

सेवा घेणाऱ्या माणसाचे म्हणणे ऐकले जावे, याला तत्त्वतः कोणाचाही विरोध नसतो. अडते ते पुढे, कारण ऐकणाऱ्यावर उत्तर देण्याचे बंधन कुठून येणार, हे कोणी ठरवलेले नसते. आज मी त्याविषयी बोलणार आहे आणि त्यासाठी महाराष्ट्रात 2007 पासून उभ्या राहिलेल्या एका प्रक्रियेचा आधार घेणार आहे. सरकारी कागदांत तिला ‘आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख व नियोजन’ असे भारदस्त नाव आहे. गावोगावचे कार्यकर्ते मात्र तिला नुसते ‘देखरेख’ म्हणतात.

या कल्पनेचा उगम अलीकडचा नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 साली, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा जो आराखडा मांडला, त्यात गावपातळीवर आरोग्य समित्या असाव्यात अशी सूचना होती. 1978 साली अल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने, आपल्या आरोग्यसेवेचे नियोजन आणि अंमलबजावणी यांत सहभागी होणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे, असे जाहीर केले. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील असे जे 29 विषय अकराव्या अनुसूचीत घातले, त्यांत आरोग्य, महिला व बालविकास आणि अपंगांच्या कल्याणासह समाजकल्याण हे विषय आहेत. एवढे सगळे कागदावर असूनही, उपकेंद्राला महिनोन्‌महिने कुलूप का आहे हे नर्सबाईंना विचारण्याची अधिकृत जागा गावकऱ्यांना नव्हती. 12 एप्रिल 2005 रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्याच्या आराखड्यातच लोकांनी सेवांवर देखरेख करावी अशी तरतूद करण्यात आली. दोन वर्षांनी नऊ राज्यांत तिचा पथदर्शी प्रयोग झाला. महाराष्ट्रात त्यासाठी अमरावती, नंदुरबार, ठाणे, पुणे आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, हे पाच जिल्हे निवडण्यात आले आणि राज्यस्तरीय समन्वयाचे काम पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे आले. या तरतुदीमागे जन आरोग्य अभियानासारख्या चळवळींची अनेक वर्षांची मागणी होती. ती सरकारला आपोआप सुचलेली नव्हती, हेही येथे नोंदवले पाहिजे.

प्रक्रियेची सुरुवात गावात होते. गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती लोकांबरोबर बसून, विशेषतः ज्यांची नुकतीच बाळंतपणे झाली आहेत अशा बायांशी बोलून, एक पत्रक भरते. प्रश्न अगदी साधे असतात. नर्सबाई ठरलेल्या दिवशी आल्या का, बाळाला लस मिळाली का, गरोदरपणात रक्त तपासले का, जननी सुरक्षा योजनेचे पैसे हातात पडले का, दवाखान्यात कोणी पैसे मागितले का, वस्तीतल्या कोणाला जातीवरून वेगळी वागणूक मिळाली का. उत्तरांनुसार एकेका सेवेला रंग दिला जातो, चांगली असेल तर हिरवा, बरी असेल तर पिवळा आणि वाईट असेल तर लाल. हे रंगवलेले पत्रक गावात सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावायचे असते. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्यालाही लाल चौकोन ओळखता येतो, आणि तो चौकोन आपण सर्वांनी मिळून रंगवला आहे हेही त्याला ठाऊक असते. एकट्याची कुरकुर आणि गावाचे म्हणणे यांत जो फरक पडतो, तो येथे पडतो.

परंतु पत्रक भिंतीवरच राहिले तर त्याचीही तक्रारपेटीच व्हायची. म्हणून पुढची पायरी जनसुनवाईची. आरोग्य केंद्राच्या अंगणात मांडव घालून, वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, पंचायत समितीचे सदस्य, पत्रकार आणि शे-दोनशे गावकरी यांच्यासमोर ही सुनवाई होते. मी पाहिलेल्या एका जनसुनवाईत एक मध्यमवयीन बाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून औषधांच्या दुकानाच्या दोन पावत्या काढून उभी राहिली. तिच्या सुनेला दवाखान्यात दोन वेळा ‘बाहेरची चिठ्ठी’ मिळाली होती, म्हणजे औषध विकत आणायला सांगितले होते, आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट असते मग हे पैसे कशाचे, एवढेच तिचे म्हणणे होते. अधिकाऱ्यांनी औषधांची साठा नोंदवही मागवली. पहिल्या पावतीच्या तारखेला तेच औषध केंद्रात शिल्लक असल्याचे नोंदवहीतच दिसले. संबंधित कर्मचाऱ्याकडे त्याचे उत्तर नव्हते आणि मांडवात जी शांतता पसरली ती कोणत्याही मेमोपेक्षा भारी होती. दुसऱ्या पावतीच्या तारखेला मात्र साठा खरोखरच शून्य होता. तेव्हा तरुण डॉक्टरांनी फाईल उघडून, जिल्ह्याकडे आपण दोनदा पाठवलेले मागणीपत्र वाचून दाखवले. वीस-पंचवीस मिनिटांत, एकाच बाईच्या दोन पावत्यांवरून, दोष कुठे केंद्राचा आहे आणि कुठे वरच्या पुरवठ्याचा आहे, हे सर्वांसमोर वेगळे झाले.

माझ्या मते देखरेखीचे खरे मोल इथे आहे. लोकांना बोलू दिले तर कर्मचाऱ्यांवर राग काढला जाईल, ही भीती आरोग्य विभागात सुरुवातीला होती आणि ती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. काही सभा भरकटल्याही. परंतु जेथे नोंदवही टेबलावर आली, तेथे प्रामाणिक डॉक्टरला आणि नर्सला लोकांमध्ये साक्षीदार मिळाले. निवासस्थानाचे छप्पर गळते म्हणून सिस्टर मुक्कामी राहत नाहीत, हे गावाला आधी ठाऊक नसते. गावाला फक्त रात्री दार बंद दिसते. छपराचा ठराव मग गावच करते, आणि दुरुस्ती झाल्यावर सिस्टरने मुक्कामी राहिलेच पाहिजे असे सांगण्याचा अधिकारही गावाला येतो.

जनसुनवाईत दिलेली उत्तरे तारखेसह लिहून घेतली जातात आणि पुढच्या सुनवाईची सुरुवात मागच्या उत्तरांच्या वाचनाने होते, किंवा व्हायला हवी. जेथे हा शिरस्ता सांभाळला गेला, तेथे बंद उपकेंद्रे उघडली, बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या आणि गैरमार्गाने घेतलेले पैसे परत केले गेले, अशी उदाहरणे आहेत. जेथे मागच्या सभेचे इतिवृत्तच सापडत नाही, तेथे दुसऱ्या वर्षी मांडव निम्मा रिकामा राहतो. लोक अडाणी नसतात. ज्या बोलण्यातून काही निघत नाही त्यासाठी ते मजुरीचा दिवस मोडत नाहीत.

तथापि, दुसऱ्या पावतीचे उत्तर त्या अंगणात मिळू शकत नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. औषधांची खरेदी राज्यपातळीवर होते. 2017 साली ती हाफकिन महामंडळाकडे सोपवण्यात आली, टंचाईच्या तक्रारी सुरूच राहिल्या, आणि 2023 साली कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन करण्यात आले. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार मोफत झाले. निर्णय स्वागतार्हच आहे. पण केसपेपर मोफत आणि औषध बाहेरून, असे झाले तर रुग्णाच्या खिशाला त्याचा फारसा उपयोग नाही. गावाचा आवाज तालुक्यापर्यंत नेऊन सोडून देण्यात अर्थ नसतो. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या देखरेख समित्या त्यासाठीच कल्पिल्या होत्या, आणि माझ्या पाहण्यात तरी पायरी जितकी वर, तितकी उत्तरे मोघम होत जातात.

आता आवाज कोणाचा, याकडे वळतो. ‘गावाचे म्हणणे’ असे आपण सहज म्हणतो. पण सभा गावठाणात भरते आणि पाडा चार किलोमीटरवर डोंगरात असतो. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे घराघरांत कोरकू बोलली जाते, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी आणि भिली. छापील प्रश्नावली मात्र मराठीत असते आणि तीही कार्यालयीन मराठीत. ज्या बाईचे बाळंतपण वाटेतच झाले ती सभेत येत नाही. ती आली तरी गावातल्या चार पुरुषांसमोर बाळंतपणाविषयी बोलत नाही. म्हणून जाणत्या कार्यकर्त्यांनी बायकांच्या बैठका वेगळ्या घेतल्या, पाड्यावर जाऊन तिथल्या बोलीत विचारले आणि पाड्याचे पत्रक गावाच्या पत्रकात मिसळू दिले नाही. गाव हिरवे आणि पाडा लाल, असे चित्र अनेकदा निघते, आणि सरासरी काढली की ते पिवळे होऊन दिसेनासे होते. गाव समितीत निम्म्या महिला असाव्यात असा दंडक आहे, पण सदस्य असलेल्या बाईची सही घरी पाठवलेल्या वहीवर घेतली जात असेल, तर त्या दंडकाचे आपण काय केले हे वेगळे सांगायला नको.

निधीबाबतही असेच म्हणावे लागेल. गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता यावा म्हणून गाव समितीला अभियानातून वर्षाला 10,000 रुपयांचा अबंधित निधी देण्याची पद्धत घालण्यात आली, तर आरोग्य केंद्रासाठी रुग्ण कल्याण समिती आणि तिचा वेगळा निधी. रक्कम लहान आहे. तरी रात्री अडलेल्या बाईला दवाखान्यात नेणाऱ्या जीपचे भाडे, किंवा अतिकुपोषित बालकाबरोबर राहणाऱ्या आईचे जेवण त्यातून भागू शकते. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी वरून सुचवलेल्या वस्तूंची खरेदी होते आणि समितीला बिल तेवढे दाखवले जाते. देखरेखीच्या नावात ‘नियोजन’ हा शब्द पुढे जोडला गेला तो यासाठी की पैसा कशावर जावा हेही लोकांनी सांगावे.

या देखरेखीची एक मोठी उणीव म्हणजे तिला कायद्याचा पाया नाही. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामाची आणि खर्चाची लोकांनीच तपासणी, करण्याची तरतूद होती. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात रेशनव्यवस्थेच्या सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे. मेघालयाने तर 2017 साली सार्वजनिक सेवांच्या सामाजिक अंकेक्षणासाठी स्वतंत्र कायदाच केला. आरोग्य सेवांवरची देखरेख मात्र अभियानाच्या वार्षिक आराखड्यातील एका शीर्षावर चालते. ज्या विभागाच्या कामाची तपासणी करायची, त्याच विभागाने तपासणीचे पैसे मंजूर करायचे, अशी ही रचना आहे. सुनवाई जितकी टोकदार, तितकी मंजुरी लांबण्याची शक्यता अधिक. मोठी मोहीम काढून वर्षातून एकदा गाजावाजा करण्यापेक्षा, ठरलेल्या तारखांना सुनवाई घेणे आणि ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देणे बंधनकारक करणारा चार कलमांचा कायदा अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

सामाजिक आधाराच्या सेवांची स्थिती याहून नाजूक आहे. अंगणवाडीतला आहार काही भागांत देखरेखीखाली आला. परंतु संजय गांधी निराधार अनुदानाची वाट पाहणारी विधवा, अंथरुणाला खिळलेला वृद्ध किंवा दिव्यांग मूल सांभाळणारी आई यांना कोणी रंगाचे पत्रक भरायला सांगितलेले नाही. मंडप घालून त्यांचा आवाज ऐकू येणार नाही, कारण घराबाहेर पडता न येणे हीच त्यांची मूळ अडचण आहे. केरळात मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी गंभीर आजारी रुग्णांच्या वेदना हलक्या करण्यासाठी उभारलेल्या परिहारक शुश्रूषेच्या जाळ्याने उलट वाट धरली, म्हणजे स्वयंसेवक आणि परिचारिका घरोघर जाऊ लागल्या आणि कुटुंबाला काय हवे ते तिथेच विचारू लागल्या. 2008 साली त्या राज्याने त्याविषयी धोरण जाहीर केले. आपल्याकडे आशाताई घरोघर जातातच. त्यांच्या खांद्यावर आणखी एक वही देण्यापूर्वी त्यांचा मोबदला वेळेवर मिळतो का, हेही त्याच सुनवाईत विचारले गेले पाहिजे, कारण त्याही याच गावच्या आहेत.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरतात. येत्या ग्रामसभेला आपण जाणार असाल तर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. आपल्या गावाच्या आरोग्य समितीचे सदस्य कोण आहेत, समितीचे बँक खाते कोणाच्या सह्यांवर चालते आणि गेल्या वर्षी त्यातून काय खर्च झाला. उत्तर ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घेण्याचा आग्रह धरावा, आणि ते लिहिले जाईपर्यंत उठू नये.

नमस्कार.