पोर्शे ९१७ : आधी सांगाडा तपासा

(ठाण्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

समोर वागळे इस्टेट आणि रबाळ्यात वेल्डिंग, मशीनिंग करणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून पोर्शे ९१७ या रेसिंग कारच्या इंजिनाचं थोडक्यात आटोपतो. हवेनं थंड होणारं, बारा सिलिंडरांचं, सुरुवातीला ४.५ लिटरचं, प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण २४ स्पार्क प्लग. पण मला या गाडीत सगळ्यात मोलाची वाटते ती तिची फ्रेम. ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या जोडून केलेली, वजन जेमतेम ४२ किलोच्या आसपास.

१९६९ साली ही गाडी वेगात सरळ रस्त्यावरही भरकटायची. ऑक्टोबरात ऑस्ट्रियात चाचणी चालू असताना जॉन हॉर्समन या इंजिनिअरनं बॉडीवर चिकटलेले किडे पाहिले. पुढच्या भागावर भरपूर, शेपटीवर जवळजवळ नाहीतच. म्हणजे हवा शेपटीला शिवतच नव्हती. जागच्या जागी ॲल्युमिनियमचे पत्रे लावून शेपटीचा आकार बदलला आणि गाडी ताळ्यावर आली. १९७० आणि १९७१, दोन्ही वर्षी ल मां ही फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत ९१७नंच जिंकली.

रिस्टोरेशनलाही, म्हणजे जुनी गाडी पूर्ववत करण्यालाही, हेच लागू आहे: खूण पुसण्याआधी वाचायची. फ्रेमचा रंग काढायला सँडब्लास्टिंग अजिबात नको. मऊ ॲल्युमिनियम ठोकलं जाऊन तड्याचं तोंड मिटतं आणि तडा दिसेनासा होतो. पेंट रिमूव्हर वापरा, वेळ लागू द्या.

कारखान्यानं या नळ्यांत दाबाखाली वायू भरून ठेवला होता. दाब पडला की कुठंतरी तडा गेलाय हे कळायचं. तीच सोय आपल्याला वापरता येते. कोरडा नायट्रोजन १ बारपर्यंत भरा. कॉम्प्रेसरची हवा नको, आपल्याकडच्या दमट हवेतलं पाणी नळीत साठून ती आतून खाते. गेज रात्रभर तसाच ठेवा, पण तापमान लिहून ठेवा: दहा अंशांच्या फरकानं काटा साधारण ०.०७ बार हलतो, आणि ती गळती नसते. दाब खरंच उतरत असेल तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. मग धुऊन, पूर्ण वाळवून डीपी टेस्ट, म्हणजे तड्यात मुरणारा रंग (डाय) लावून तडा शोधणं. क्रम उलटा केलात तर डाय तड्यात बसून गळती झाकतो.

दुरुस्ती आर्गन वेल्डिंगनंच, एसी करंटवर. तड्यावर वेल्डिंगचा नुसता मणी, म्हणजे वितळलेल्या धातूची रेघ, ओढू नका. सांध्याजवळचं धातूचं बळ उष्णतेनं आधीच कमी झालेलं असतं, पुढचा तडा मण्याच्या कडेलाच जातो. तेवढा नळीचा तुकडा बदला. आणि वेल्डिंगआधी वायू भरायचा व्हॉल्व्ह उघडून ठेवा, नाहीतर आतला तापलेला वायू वितळलेलं ॲल्युमिनियम बाहेर फुंकतो आणि सांध्याला भोक पडतं. ही चूक वारंवार होते.

१९७१च्या विजेत्या गाडीची फ्रेम मात्र मॅग्नेशियमची होती. तिथं घासताना निघालेला भुगा पेट घेतो आणि पाणी टाकलं तर जास्तच भडकतो. कोरडी वाळू हाताशी हवी, आणि लोखंड घासतो ते टेबल या कामाला वापरायचं नाही.