घरचा फोटो-सर्व्हर: बसवल्यानंतरचं काम

मंडळी, इमिच (फोनमधले फोटो आपल्याच मशीनवर साठवणारं, गूगल फोटोजसारखं मोफत सॉफ्टवेअर) बसवण्यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण तो भाग खरंच सोपा आहे. डेबियन ही लिनक्स प्रणाली टाका, सॉफ्टवेअर बंद पेटीत चालवणारं डॉकर टाका, इमिचच्या कंपोझ (काय चालवायचं ते सांगणारी) आणि एन्व्ह (आपल्या सेटिंगची) या दोन फाइली उतरवून घ्या. एन्व्हमध्ये फोटोंची जागा, डेटाबेसची (अल्बम, चेहरे वगैरे नोंदींच्या साठ्याची) जागा आणि त्याचा पासवर्ड भरा आणि चालू करा. पासवर्डमध्ये फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवा, चिन्हं घातली की गोंधळ होतो. मग ब्राउझरमध्ये मशीनचा पत्ता आणि पोर्ट २२८३. राउटरमध्ये त्या मशीनचा पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर घरच्यांचे फोन सर्व्हर शोधत बसतील.

मशीन म्हणून ऑफिसातून निघालेला जुना मिनी पीसी उत्तम. रॅम ८ जीबी हवी, कारण चेहरे ओळखणारा भाग मेमरी खातो. असं मशीन सरासरी १० वॉट घेत असेल, तर महिन्याला साधारण सव्वासात युनिट होतात. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरणार असाल तर निदान डेटाबेस एसडी कार्डवर ठेवू नका.

खरी फजिती डिस्कमध्ये होते. डेटाबेस आतल्या एसएसडीवर, एक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीवर). फोटो मोठ्या डिस्कवर. बाहेरची डिस्क विंडोजमध्ये वापरलेली असते, एक्सफॅट किंवा एनटीएफएस फाइलसिस्टिमची. त्यावर डेटाबेस ठेवला तर परवानग्यांवरून अडतो. डिस्क माउंट करताना (प्रणालीला जोडताना) एफस्टॅब या डिस्कांच्या यादीच्या फाइलमध्ये तिचं नाव नाही, यूयूआयडी (तिचा कायमचा ओळख-क्रमांक) लिहा, कारण दुसरा पेनड्राइव्ह लावला की नावं बदलू शकतात. सोबत 'नोफेल' (डिस्क नसली तरी सुरू हो) हा पर्यायही लिहा. तो नसेल आणि केबल सैल झाली, तर मशीन आपत्कालीन मोडमध्ये अडकतं, आणि त्याला ना स्क्रीन असते ना कीबोर्ड.

नोफेलची दुसरी बाजूही आहे. डिस्क नसताना मशीन सुरू होतं, पण फोटोंचा फोल्डर रिकामा दिसतो. इमिच प्रत्येक फोल्डरमध्ये एक लपलेली खुणेची फाइल ठेवतं. ती सापडली नाही की सुरूच होत नाही. ही त्याची शहाणी सवय आहे. तक्रार गप्प करायला त्या फाइली हातानं बनवू नका, आधी डिस्क पाहा. आणि कधी 'नवीन खातं उघडा' असा पडदा आला, तर डेटाबेस रिकामा आहे असं समजा. खातं उघडायचं नाही, सगळं थांबवून डेटाबेसची जागा तपासायची.

विजेचं आपल्याकडे वेगळं सांगायला नको. यूपीएसची यूएसबी केबल मशीनला जोडा आणि यूपीएसवर लक्ष ठेवणारं 'नट' हे सॉफ्टवेअर बसवा, म्हणजे बॅटरी संपण्याआधी मशीन रीतसर बंद होईल. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तो चालू करा.

बाहेरगावाहून फोटो पाहायचे असतील तर राउटरवर पोर्ट उघडण्याच्या (बाहेरच्यांना थेट वाट देण्याच्या) फंदात पडू नका. राउटरवरचा वॅन पत्ता (इंटरनेट कंपनीनं दिलेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता वाटलेला आहे. पोर्ट उघडला तरी काही पोचणार नाही. त्यापेक्षा टेलस्केल वापरा, ते आपल्या उपकरणांचं खासगी जाळं बनवतं. उपकरणांची गाठ घालून देणारा त्याचा समन्वय सर्व्हर मुक्त-स्रोत (ओपन सोर्स) नाही. हे खुपत असेल तर तोच सर्व्हर स्वतः चालवण्यासाठी हेडस्केल आहे, पण त्याला बाहेरून पोचता येईल असं एक मशीन लागतं.

आता बॅकअप. इमिच रोज रात्री डेटाबेसची प्रत काढून 'बॅकअप्स' फोल्डरमध्ये ठेवतं. ती फोटोंची प्रत नव्हे! आणि चालू डेटाबेसचा फोल्डर उचलून कॉपी केला तर ती प्रत अर्धवट निघू शकते. म्हणून लायब्ररी, अपलोड, प्रोफाइल आणि बॅकअप्स हे चार फोल्डर रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरनं दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. लघुचित्रं पुन्हा तयार होतात, ती सोडली तरी चालतात. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. तो हरवला तर बॅकअप उघडण्याचा दुसरा मार्ग नाही.

इमिचमधलं स्टोरेज टेम्प्लेट (फाइलींना नीट नावं आणि फोल्डर देणारी सोय) सुरुवातीला बंद असतं, ते पहिल्याच दिवशी चालू करा. नाहीतर फाइलींची नावं यूयूआयडीची, म्हणजे निरर्थक अक्षर-आकड्यांची राहतात आणि डेटाबेस गेला तर हाती निव्वळ ढीग उरतो.

शेवटी, दुसऱ्या एखाद्या संगणकावर इमिचची तीच आवृत्ती बसवून बॅकअप परत भरून पाहा. अल्बम, चेहरे, तारखा जागच्या जागी दिसल्या, की मगच फोनमधले फोटो पुसायला घ्या.